धागा: बेळगावच्या केंद्रावर नीटचा (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा) पेपर कन्नडमध्ये मिळतो, उर्दूत मिळतो, मराठीत का मिळत नाही?

कंग्राळीची आई:

लेकीच्या परीक्षा परवा संपल्या. काल जेवणाच्या टेबलावरची पुस्तकं उचलली, टेबल पुसलं आणि दोन महिन्यांनी आम्ही चौघं एकत्र जेवायला बसलो. मनात साठलंय ते इथं मांडते.

आम्ही बेळगावजवळच्या कंग्राळीचे. लेक दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, मग शहरात पीयूसी सायन्स, म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी. सायन्स म्हटलं की इंग्रजी, दुसरा रस्ताच नव्हता. दहावीत ‘त्वरण’, ‘संवेग’, ‘उत्प्रेरक’ म्हणणारी पोर जूनमध्ये वर्गात बसली आणि पहिले पंधरा दिवस तिला वाटत राहिलं की आपल्याला यातलं काहीच येत नाही. येत सगळं होतं, शब्द तेवढे बदलले होते. तिनं एक दोनशे पानी वही घातली. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, खाली स्वतःच्या भाषेत एक ओळ. दोन वर्षांत ती वही जवळजवळ भरली.

आता परीक्षांचं ऐका. केसीईटीत, म्हणजे कर्नाटकाच्या सीईटीत, दर विषयाला ६० प्रश्न आणि ८० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि इंजिनिअरिंगच्या रँकमध्ये निम्मा वाटा पीयूसीच्या गुणांचा. महाराष्ट्राच्या सीईटीत बारावीचे गुण फक्त उंबरठ्यापुरते. खुल्या गटाला ४५ टक्के असले की झालं, पुढचं सगळं सीईटीच्या पर्सेंटाइलवर. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण, एक उत्तर चुकलं की एक गुण वजा. आमच्या मुलांना दोन्ही राज्यांत पाय ठेवून राहावं लागतं, म्हणून ती एका उन्हाळ्यात तिन्ही देतात. मी पतसंस्थेत सोनेतारणाच्या टेबलावर काम करते. एकाच बांगडीचं वजन दोन काट्यांवर वेगळं आलं तर आम्ही बांगडीवर शंका घेत नाही, आधी काटे तपासतो.

पण धागा काढायला कारण झालं ते भाषेचं. नीटचा पेपर १३ भाषांत निघतो आणि त्यात मराठी आहे. फॉर्म भरताना लेकीनं आनंदानं मला हाक मारली होती. मग नियम वाचला. इंग्रजी, हिंदी आणि उर्दू देशात कुठल्याही केंद्रावर मिळतं, बाकीच्या भाषा त्या त्या राज्यातल्या केंद्रांवरच. मराठी महाराष्ट्रात, कन्नड कर्नाटकात. म्हणजे बेळगावात, जिथं घराघरात मराठी बोलतात, तिथल्या केंद्रावर मराठीत पेपर नाही. तिनं गुपचूप इंग्रजी निवडलं.

परीक्षेहून आल्यावर विचारलं, कुठं अडलीस? म्हणाली, “शास्त्राचे शब्द सगळे आले गं आई. एक ‘अ‍ॅब्रप्टली’ म्हणून शब्द होता, तो कळला नाही. प्रश्न उलटा वाचला मी.” तिची वही उघडून बघितली. सगळे शब्द शास्त्राचे. साधा रोजचा इंग्रजी शब्द कोण वहीत लिहून ठेवतं? ‘अचानक’ एवढं छापलेलं असतं तर पाच गुण वाचले असते. बरोबर उत्तराचे चार आणि कापलेला एक.

माझा प्रश्न एवढाच आहे. पेपरची भाषा केंद्राच्या पत्त्यावरून ठरावी की मुलाच्या शिक्षणावरून? ज्यांच्या घरात ही वर्षं येऊन गेली त्यांनी लिहावं. आणि महाराष्ट्राच्या प्रवेशासाठी सीमाभागाचा जो प्रकार आहे, त्याच्या कागदपत्रांची माहिती असेल तर तीही द्या, माझी फार धावपळ चालली आहे.

तवंदी घाट:

ताई, तुमच्या लेकीचं वाचून पोटात तुटलं. पण मी म्हणतो रोग भाषेचा नाही, या परीक्षांचाच आहे. निपाणीत आमच्या शेजाऱ्यांनी पोराला दोन वर्षं लातूरला ठेवलं. क्लास, खोली, मेस, सगळं मिळून दहा गुंठे गेले. पोरगा हुशार. पीयूसीला नव्वदच्या वर. नीटला गाडी अडकली. बारा वर्षं शाळेत काय केलं ते कुणी विचारत नाही, एका रविवारचे तीन तास विचारतात.

तामिळनाडूनं इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा २००६ च्या कायद्यानं बंद केली, आजही तिथं बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो. तिथले इंजिनिअर काय कमी पडले? नीटच्या विरोधात आपल्या कर्नाटकाच्या विधिमंडळानंसुद्धा जुलै २०२४ मध्ये ठराव केला. त्याच वर्षी १,५६३ मुलांना वाढीव गुण दिले, मग काढून घेतले, फेरपरीक्षा घेतली. एवढ्या भानगडी असलेल्या काट्यावर पोराचं आयुष्य तोलायचं? बारावीचे गुण धरा आणि मोकळे व्हा.

जुना मास्तर:

एकतीस वर्षं पीयूला रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे दोन्ही मुद्द्यांवर बोलतो. लांबेल, सांभाळून घ्या.

तवंदी घाट, तुमचा राग रास्त आहे, उपाय मला पटत नाही. सीईटी यायच्या आधीचे दिवस मी पाहिलेत. कर्नाटकात कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा १९८४ साली झाला, तरी खासगी कॉलेजांत जागा विकल्या जातच होत्या. बाप किती मोजतो त्यावर पोराची शाखा ठरायची. १९९२ मध्ये मोहिनी जैन खटला आणि १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटला, दोन्ही सर्वोच्च न्यायालयात झाले आणि खासगी कॉलेजांतल्या जागाही गुणवत्तेनं भराव्या लागल्या. त्यातून १९९४ साली कर्नाटकात सीईटी कक्ष उभा राहिला. पुढे २००२ च्या टी. एम. ए. पै निकालानं ती घडी पुन्हा बदलली. पण त्या मधल्या वर्षांत माझ्या वर्गातली विणकराची, हमालाची, शेतमजुराची पोरं सरकारी फीमध्ये खासगी कॉलेजात गेली. मी स्वतः त्यांना समुपदेशनाला घेऊन गेलोय. रँक पुकारला की पोरगं उठून आत जायचं आणि पाच मिनिटांत जागा घेऊन बाहेर यायचं. कुणाची चिठ्ठी नाही, कुणाचा फोन नाही. ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून परीक्षा मोडून टाका असं माझ्या तोंडून निघणार नाही.

बारावीच्या गुणांचंही सांगतो. आमची पीयूसी, महाराष्ट्राची बारावी, सीबीएसई, प्रत्येकाचा पेपर वेगळा, तपासणी वेगळी. एका मंडळाचे ८५ आणि दुसऱ्याचे ८५ सारखे नव्हेत. प्रात्यक्षिकाचे गुण कसे पडतात हे तर आम्हा मास्तरांना विचारा. म्हणून निम्मे निम्मे ही केसीईटीची रीत मला त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटते. वर्षभराचा अभ्यासही मोजला जातो आणि एका दिवसाची तयारीही.

आता कंग्राळीच्या ताईंचा प्रश्न. तो या वादापेक्षा वेगळा आहे आणि जास्त नेमका आहे. परीक्षा ठेवायची ठरली की मग ती विषय मोजते की आणखी काही, हे बघायला नको का? ‘अ‍ॅब्रप्टली’ कळणं हे जीवशास्त्र नव्हे. माझ्या वर्गात मराठी माध्यमातली मुलं पहिल्या चाचणीत मागे पडायची आणि वर्षाच्या अखेरीस पुढे निघायची, हे मी दरवर्षी बघत आलो. मधल्या काळात ती रसायनशास्त्र शिकत नव्हती, इंग्रजी वाक्य वाचायला शिकत होती.

बॅच२०२१:

सर, ‘निम्मे निम्मे’ ऐकायला बरं वाटतं, आम्हाला विचारा. २०२१ ला कोविडमुळं आमची पीयूसीची परीक्षाच झाली नाही. दहावीचे आणि पहिल्या पीयूसीचे गुण धरून निकाल लावले आणि त्या वर्षी केसीईटीचा रँक नुसत्या केसीईटीवर लागला. मी आणखी एक वर्ष थांबून २०२२ ला पुन्हा बसलो. त्या वर्षी नव्या मुलांचे पीयूसीचे गुण धरले, आम्हा जुन्यांचे धरलेच नाहीत. रँक उघडला आणि मला वाटलं संगणकाची चूक असेल. आदल्या वर्षीपेक्षा उत्तरं जास्त बरोबर आणि रँक कितीतरी मागं.

मुलं उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की यांचेही पीयूसीचे गुण धरा, मग ते थोडे कमी करून धरायचा तोडगा निघाला. तोवर सगळं लांबलं. मी त्या वेळी वडगावात एका झेरॉक्सच्या दुकानात काम करत होतो आणि रोज दुसऱ्यांच्या प्रवेशाचे कागद काढून देत होतो.

म्हणून सांगतो, नियम कुठलाही करा, पण मुलगा परीक्षेला बसायच्या आधी सांगा. २०२४ ला तर केसीईटीत अभ्यासक्रमातून वगळलेल्या धड्यांवर प्रश्न आले आणि शेवटी ५० प्रश्न बाद केले. ज्यानं त्या प्रश्नांवर दहा-दहा मिनिटं घालवली, त्याची मिनिटं कोण परत देणार?

पुणे-मुक्काम:

काकू, कागदपत्रांचं मी सांगतो. मी खानापूर तालुक्यातला, याच वाटेनं पुण्याला इंजिनिअरिंगला आलो.

महाराष्ट्राच्या प्रवेशात उमेदवारांचे ए, बी, सी, डी, ई असे प्रकार असतात. आपला ‘ई’. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतं त्या वादग्रस्त सीमाभागातल्या शाळा-कॉलेजातून दहावी किंवा बारावी झालेली आणि मातृभाषा मराठी असलेली मुलं यात येतात. दोन दाखले लागतात. एक, संस्था सीमाभागात आहे याचा. दुसरा, मातृभाषा मराठी असल्याचा. त्यांचे नमुने माहितीपुस्तिकेच्या मागं असतात, त्यातला मजकूर शब्दन् शब्द तसाच हवा. माझ्या वेळी एका ठिकाणी कारकुनानं स्वतःच्या लेटरहेडवर स्वतःच्या शब्दांत लिहून दिलं आणि पडताळणीत तो कागद चालला नाही. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं परत आलो, सकाळी सही घेतली आणि दुपारी पुन्हा निघालो. नमुना छापून सोबत न्या आणि सही-शिक्का तिथंच उभं राहून तपासा. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेचा रकाना काय म्हणतो तेही आत्ताच बघून ठेवा. तिथं चूक असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो.

कर्नाटकाचं तुम्हाला माहीत असेलच. इयत्ता पहिलीपासून पीयूसीच्या दुसऱ्या वर्षापर्यंतच्या काळात किमान सात वर्षं राज्यात शिक्षण झालेलं असलं की आपण तिथं पात्र. दहा वर्षं खेड्यातल्या शाळेत झाली असतील तर ग्रामीण आरक्षणाचा दाखलाही काढा. १५ टक्के जागा असतात, त्यावर पाणी सोडू नका. कन्नड माध्यमाचं ५ टक्क्यांचं आरक्षण मात्र आपल्या मुलांना लागू होत नाही.

आणि एक. पर्सेंटाइल आलं की घाबरू नका. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० गुण नव्हेत. त्या सत्रात बसलेल्या शंभरातल्या नव्वद जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या आईनं तो आकडा गुण समजून पेढे वाटले होते. मी तिला चार दिवस काही बोललो नाही, पेढे खाल्ले.

शहापूरकर:

वेगळं मत मांडतो, कुणी राग मानू नये. आमच्या घरात मराठीच बोलतात, तीन पिढ्या मागावर बसल्या. माझी दोन्ही पोरं मी मुद्दाम इंग्रजी माध्यमात घातली आणि कन्नडही नीट शिकवलं. आज थोरला सरकारी नोकरीत आहे. इथंच राहायचं, इथंच पोट भरायचं, तर इथल्या भाषेला पाठ दाखवून कसं चालेल?

आणि पीयूसी सायन्स दोन वर्षं इंग्रजीत शिकल्यावर पेपर मराठीत घेऊन पोर काय करणार? ‘रेझोनन्स’ला मराठीत काय म्हणतात हे तिला तरी आठवेल का? उलट जास्त घोटाळा होईल. पुढे एमबीबीएसची पुस्तकं तर इंग्रजीतच आहेत. आज अडली तर उद्याही अडणारच. त्यापेक्षा आठवीपासून इंग्रजी पक्कं करून घ्या.

कंग्राळीची आई:

शहापूरकर दादा, राग कसला. कन्नडला पाठ दाखवायचा प्रश्नच नाही. माझी लेक कन्नड वाचते, लिहिते, मैत्रिणींशी बोलते. माझ्यापेक्षा चांगलं.

पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नसेल. नीटमध्ये प्रादेशिक भाषा निवडली तरी इंग्रजी सुटत नाही. पेपर दोन्ही भाषांत छापलेला असतो, प्रश्न इंग्रजीतही आणि निवडलेल्या भाषेतही. अनुवादात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. म्हणजे ‘रेझोनन्स’ तिला इंग्रजीतच दिसला असता आणि ‘अ‍ॅब्रप्टली’ मराठीत. नेमकं हेच हवं होतं. तिच्या वहीचीच मोठी आवृत्ती समजा. याच केंद्रावर, याच वर्गात शेजारच्या बाकावरच्या मुलीनं कन्नड निवडलं असेल तर तिला ती सोय आहे. तिला मिळते याचा मला आनंद आहे. माझ्या मुलीला का नाही, एवढंच विचारते.

पुढे इंग्रजी लागणारच, मान्य. पण प्रवेश मिळाल्यावर साडेपाच वर्षं असतात शिकायला. प्रवेशाच्या दारात २०२४ पर्यंत तीन तास वीस मिनिटं तरी मिळायची. यंदा तर तीनच तास होते.

जतकर:

हा धागा दोन दिवस नुसता वाचत होतो. माझी मातृभाषा कन्नड. गाव जत तालुक्यात, महाराष्ट्रात. शाळा कन्नड माध्यमाची. मराठी बाजारात आणि एसटीत शिकलो, चुका झाल्या तर दुरुस्त करा.

अक्का, तुमचा प्रश्न आमचाही आहे, फक्त आरशातला. आमची मुलं सांगली-सोलापूरच्या केंद्रांवर बसतात. तिथं मराठी पेपर मिळतो, कन्नड मिळत नाही, कारण कन्नड पेपर कर्नाटकातल्या केंद्रांवरच. माझ्या पुतणीनं दहावीपर्यंत सगळं कन्नडमध्ये शिकून नीट इंग्रजीत दिली. ती ‘वहीचं’ वाचून मी तिला फोन केला. तिचीही तसलीच वही आहे. तिची उजवी बाजू इंग्रजी आणि डावी कन्नड.

अजून एक फरक सांगतो, इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज इथली कन्नड मुलं कर्नाटकात ‘गडिनाडु’ (सीमाभागातले) कन्नडिग म्हणून केसीईटीतून जागा मागू शकतात. त्यासाठी त्यांना कन्नड भाषेची वेगळी परीक्षा द्यावी लागते. तुमच्याकडं महाराष्ट्र मातृभाषेचा दाखला मागतो, आमच्याकडं कर्नाटक परीक्षा घेतो. परीक्षेला आमची हरकत नाही, आपल्याच भाषेत बसायला कसली भीती? पण दोन्ही बाजूंनी मुलाला पुरावा घेऊन उभं राहावं लागतं, की मी तुमचाच आहे.

तवंदी घाट:

जतकर भाऊ, तुमच्या मराठीत काही दुरुस्त करण्यासारखं न्हाई. तवंदीच्या पलीकडं आमचे सोयरे, अलीकडं आमची शेतं. हे तुमच्याकडचं खरंच माहीत नव्हतं.

खानापूर रान:

मी बीएस्सी अ‍ॅग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. केसीईटीतून शेतकरी कोट्यात जागा मिळाली. त्या कोट्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षा असते, बियाणं, अवजारं, पिकं ओळखायची. घरची चार एकर भाताची जमीन, रोपं लावणं, भांगलणं, कापणी, मळणी सगळं केलेलं. बाबा म्हणाले, तुला कसली तयारी लागते?

समोर तण काढायचं कोळपं ठेवलेलं होतं. मी शेंगांच्या रानात त्याच्यामागं चालत मोठी झाले. दांडा हाताला कुठं घासतो ते सांगू शकते. आणि मला त्याचं इंग्रजी नाव आठवेना. कन्नडमध्ये ‘कुंटे’ म्हणतात एवढं डोक्यात आलं, पण ते याचं का दुसऱ्याचं याची खात्री वाटेना. पुढं पेरणीची कुरी होती. तिचंही तेच. मी थोडी रडवेली झाले. मग जे आठवलं ते लिहिलं. जागा मिळाली, पण त्या दिवशी घरी येताना मला वाटत होतं की माझ्याच रानात मला कुणीतरी अनोळखी ठरवलं.

तेव्हा मला वाटलं होतं चूक माझीच, शब्द पाठ करायला हवे होते. काकूंचं वाचून पहिल्यांदा वाटलं की प्रश्नही दुसऱ्या पद्धतीनं विचारता आला असता. नाव विचारण्याऐवजी ‘हे कशाला वापरतात, कधी वापरतात’ असं विचारलं असतं तर अर्धा तास बोलले असते.

समुद्रापलीकडे:

मी मूळची अनगोळची, अमेरिकेत एका विद्यापीठात काम करते. तवंदी घाट काकांसाठी इथलं थोडं सांगते, कारण हाच वाद इथं मोठ्या प्रमाणावर होऊन गेला.

कोविडच्या काळात इथल्या बहुतेक नामांकित विद्यापीठांनी एसएटी ही प्रवेश परीक्षा ऐच्छिक केली. कारणंही तुम्ही सांगता तीच होती, श्रीमंतांची मुलं क्लास लावतात, गुण घरच्या पैशांबरोबर वाढतात. कॅलिफोर्निया विद्यापीठानं तर ते गुण बघणंच बंद केलं आणि तो निर्णय अजून टिकून आहे. पण एमआयटीनं २०२२ मध्ये परीक्षा परत आणली, २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्डनंही. डार्टमथच्या अभ्यासात दिसलं की गरीब घरांतली, साध्या शाळांतली बरीच मुलं आपले गुण कमी समजून पाठवतच नव्हती. प्रत्यक्षात त्यांची शाळा आणि परिस्थिती बघता ते गुण चांगले होते, पाठवले असते तर त्यांना प्रवेश मिळायला मदत झाली असती. परीक्षा नसली की निबंध, शिफारसपत्रं, बाहेरचे उपक्रम यांना वजन येतं, आणि ते तर पैशानं आणखी सहज मिळतात.

यातला मला महत्त्वाचा वाटलेला भाग म्हणजे तिथं गुण शाळेच्या संदर्भात वाचतात. कुठल्या शाळेतून, कुठल्या परिस्थितीतून हे गुण आले ते बघतात. आपल्याकडे ग्रामीण आरक्षण थोडंफार हेच करतं. केंद्राच्या पत्त्यावरून भाषा ठरवणं मात्र अगदी याच्या उलट आहे.

जुना मास्तर:

चर्चा चांगली चालली आहे, आता तिला हातपाय देऊ. नियम बदलणं अशक्य नाही, हे दाखवायला त्याच नियमात आधार आहे. बंगाली पेपर पश्चिम बंगालपुरता नाही, त्रिपुरात आणि अंदमान-निकोबारमध्येही मिळतो. तमिळ पेपर पुदुच्चेरीत मिळतो आणि अंदमानातही. म्हणजे भाषा राज्याच्या हद्दीबाहेर न्यायला परीक्षा घेणाऱ्यांची तत्त्वतः ना नाही. जिथं ती भाषा बोलणारी मुलं आहेत तिथं ती नेली आहे. मग बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार, बिदरकडच्या मुलांना मराठी आणि जत, अक्कलकोटच्या मुलांना कन्नड, एवढीच मागणी करा. संपूर्ण देशाची व्यवस्था बदला असं लिहिलं तर उत्तर येणार नाही. इंजिनिअरिंगच्या जेईई मेन परीक्षेलाही असाच नियम आहे, त्याचा उल्लेख एका वाक्यात करा.

पेपर छापलेलेच असतात. नवा अनुवाद करायचा नाही. गठ्ठे शंभर किलोमीटर पुढं पाठवायचे आहेत.

शहापूरकर:

दोन्ही भाषांत छापलेला असतो हे मला ठाऊक नव्हतं, ताई. मग माझा निम्मा आक्षेप गेला. आठवीपासून इंग्रजी पक्कं करा हे मात्र अजून म्हणतो. अर्जावर माझी सही घ्या.

कंग्राळीची आई:

दादा, इंग्रजीचं तुमचं ऐकते. धाकट्याला याच जूनपासून रोज अर्धा तास बसवणार आहे.

पुणे-मुक्काम, दोन्ही दाखल्यांचे नमुने छापून घेतले. लेकीच्या दाखल्यावर मातृभाषा मराठी आहे, आत्ताच कपाटातून काढून बघितलं. सोमवारी अर्धी रजा टाकून कॉलेजात जाते. बॅच२०२१, तुझी वर्षं कुणी परत देऊ शकत नाही रे बाळा, पण तू लिहिलंस ते मी अर्जात घेणार आहे, की बदल करायचा तर फॉर्म निघायच्या आधी करा.

जतकर अण्णा, एक विचारते. हा अर्ज आपण दोघांनी मिळून केला तर? मी मराठीत लिहिते, तुम्ही कन्नडमध्ये लिहा, आणि सरांनी इंग्रजी मसुदा करावा. बेळगावची मुलं मराठीसाठी आणि जतची मुलं कन्नडसाठी, एकाच कागदावर.

जतकर:

करू या अक्का. आमच्याकडचे चार मुख्याध्यापक सही देतील, मी बोलून ठेवतो. पुतणीला लिहायला सांगतो, तिचं अक्षर चांगलं आहे.

जुना मास्तर:

इंग्रजी मसुदा रविवारपर्यंत देतो. ताई, लेकीची ती वही मला आठवडाभर मिळेल का? आणि जतकर, तुमच्या पुतणीचीही. दोन्ही शेजारी ठेवून मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तीन रकान्यांची करावी म्हणतो. आमच्या पुस्तकांत एकाच गोष्टीला कुठं वक्रीभवन, कुठं अपवर्तन लिहिलेलं असतं, तेही एका ठिकाणी लावून देतो. जूनमध्ये पहिल्या पीयूसीला नवी मुलं येतील, त्यांच्या पहिल्या पंधरा दिवसांत उपयोगी पडेल.

खानापूर रान:

सर, अवजारांचं पान मी करून देते. कोळपं, कुरी, कुळव, दिंड, सगळ्यांचे फोटो काढून, तिन्ही नावं लिहून. बाबांना विचारून घेते, आजोळच्या कन्नड आजीलाही विचारते.

कंग्राळीची आई:

वही देते सर, उद्या संध्याकाळी आणून देऊ का? लेक म्हणतेय शेवटची चार पानं कोरी आहेत, त्यावर ती आज रात्री साधे इंग्रजी शब्द लिहून देणार आहे. पहिला शब्द कुठला ते सांगायला नको. टेबलावर बसलीच आहे.